बिनपानांचा बहर



ह्या मालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय पाहून काही स्नेह्यांनी आम्हांला वाटेत गाठले आणि विचारले, "अहो, तुमचा जन्म गेला करार, बोनस आणि बडतर्फी ह्यांत, फुलझाडांवर बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?" शंका रास्त आहे. वनस्पतिशास्त्र ज्यांनी वर्गात बसून शिकले असे पुष्कळ विद्वान ह्या सभागृहात असतील. त्यांच्याशी बरोबरी करण्याचा आमचा मानस नाही. परंतु कामगार संघटनेच्या माणसाचे निम्मे आयुष्य कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहण्यात जाते. फाटकाबाहेर झाड असतेच, कारण सावलीवाचून सभा भरत नाही. पाळी सुटण्यास अवकाश असला म्हणजे वर पाहण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. अशा पुष्कळ वर्षांच्या वर पाहण्यातून जे पदरी पडले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम एक खुलासा. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, आणि आपली व्याख्यानमालाही त्याच हिशेबाने भरते. पण झाडांना पंचांग कोणी दाखविलेले नाही. काटेसावर पौष-माघातच फुलू लागते. पळस आणि पांगारा माघ-फाल्गुनात पेटतात, होळीला त्यांचा बहर ऐन भरात असतो, आणि गुढी उभारेपर्यंत तो ओसरू लागतो. म्हणजे वसंताच्या नावाने आपण येथे जमतो तोवर निम्मा वसंत उरकलेला असतो. राहिलेला निम्मा बहावा, गुलमोहर आणि तामण ह्यांचा. तो अजून आपल्या हाती आहे. गेलेल्या निम्म्याविषयी मात्र आम्ही आज अधिक बोलणार आहोत. कारण ती झाडे पाने टाकून फुलतात. पाने गळून गेली आहेत आणि फुले अजून यावयाची आहेत, अशा काही आठवड्यांत ती थेट मेलेल्या झाडांसारखी दिसतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत त्यांच्यावर कुऱ्हाड चालण्याचा संभव असतो.

काटेसावरीपासून सुरुवात करू. तिला कोणी सावर म्हणतात, कोणी शेवरी, संस्कृतात शाल्मली. ओळखण्यास हिच्याइतके सोपे झाड नाही. तरुण झाडाच्या बुंध्यावर शंकूच्या आकाराचे जाड काटे असतात. झाड वयस्क झाले की बुंध्यावरचे काटे झिजतात, वरच्या फांद्यांवर राहतात. खोड सरळसोट, आणि त्यातून फांद्या आडव्या, चक्राकार, मजल्यामजल्याने निघालेल्या. पान हाताच्या पंजासारखे, पाच ते सात पर्णिकांचे. पण फुलाच्या दिवसांत पान शोधू नका, ते सापडावयाचे नाही. फूल वाटीएवढे, पाच जाड, मांसल, तकतकीत तांबड्या पाकळ्यांचे, आणि मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका. हे फूल पाकळी-पाकळी होऊन गळत नाही. अख्खेच्या अख्खे खाली येते, आणि जमिनीवर पडताना त्याचा 'थप्प' असा आवाज होतो. पहाटेच्या शांत वेळी तो आवाज चांगला ऐकू येतो. पहिल्या पाळीला निघालेल्या माणसांना तो ठाऊक आहे. नवाच्या पुढे घराबाहेर पडणारांस बहुधा नाही.

सावरीखाली एक घटकाभर उभे राहावे. वर जणू बाजार भरलेला असतो. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, पोपट, खारी, सगळ्यांची वर्दळ. फुलाच्या वाटीत मध असतो, आणि तो पिण्यास आलेल्या पाखराच्या डोक्याला पराग लागून तो पुढल्या फुलाकडे जातो. झाडाने पाने का टाकली ह्याचे उत्तरही येथेच मिळते. हिवाळा सरता सरता जमिनीतील ओल कमी होते आणि पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून झाड आपला खर्च कमी करते. शिवाय पाने नसली की तांबडी फुले पाखरांना दूरवरून दिसतात. झाडाच्या लेखी प्रेक्षक पाखरे आहेत; आपण फुकट्या तिकिटावर आत शिरलेलो आहोत एवढेच.

पुढे उन्हाळ्यात ह्याच झाडाची बोंडे फुटतात आणि कापूस वाऱ्यावर उडू लागतो. उशीत भरण्यास तो चांगला. सूत काढण्याच्या मात्र कामाचा नाही, त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असतात. लाकूड पांढरे, हलके, मऊ. काडेपेटीच्या काड्या आणि माल भरण्याची खोकी करण्यास ते वापरीत आले आहेत. म्हणजे ज्याने विडी पेटविली त्याचा ह्या झाडाशी परिचय होऊन गेला असण्याचा संभव आहे, फक्त ओळख झालेली नाही.

आता पळस. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. आमच्या सभासदांच्या तोंडी ती कारखान्याचा मालक बदलला म्हणजे हमखास येते. शास्त्राच्या दृष्टीने ती तीन पाने नसून एकाच पानाच्या तीन पर्णिका होत. पण म्हणीशी वाद घालण्यात अर्थ नाही. नुसत्या तीनावर विसंबून मात्र चालणार नाही. तीन पांगाऱ्यालाही, तीन बेलालाही, तीन वायवर्णालाही. पळसाची पर्णिका जाड, चिवट, तळव्याहून मोठी, मागच्या अंगाला मऊ लव असलेली. म्हणून तर तिच्या पत्रावळी झाल्या. पांगाऱ्याची पातळ, टोकाकडे निमुळती, आणि त्याच्या कोवळ्या फांदीवर लहान काळपट काटे असतात. पळसाला काटा नाही.

पण फुलाच्या दिवसांत दोघांनाही पाने नाहीत, तेव्हा करावे काय? फुलाकडे पाहावे. पळसाच्या फुलाचा देठाकडला पेला काळपट तपकिरी आणि मखमलीसारखा असतो, त्यातून केशरी पाकळ्या निघतात, आणि त्यांतली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकडी असते. 'किंशुक' ह्या संस्कृत नावाचा उलगडा 'हा पोपट तर नव्हे?' असा करतात तो ह्यावरूनच. दुरून पाहिले तर काळ्या फांद्यांवर निखारे ठेवल्यासारखे वाटते. पांगाऱ्याचा रंग केशरीहून लालभडक, आणि त्याची फुले फांदीच्या टोकाला दाट गुच्छाने येऊन चहूकडे रोखलेली असतात; एक पाकळी मोठी, बाकीच्या तिच्या आडोशाला लहान. एकदा दोघे शेजारी पाहिले की जन्मात चूक होत नाही.

कोकणात पांगारा कुंपणाला लावतात, मिरीचा वेल त्यावर चढवितात. देशावर पानमळ्यात नागवेलीला त्याचा आधार देतात. पळस वाळवून ठेवलेल्या फुलांचा रंग होळीला देतो, आणि लाखेचे किडे त्याच्यावर वाढतात. नागपूर-चंद्रपूरकडे फाल्गुनात आगगाडीने जाण्याचा योग आला तर खिडकीची जागा सोडू नये.

येथे नावांविषयी थोडे बोलले पाहिजे. सोलापूरकडच्या एका सभेत आम्ही एका दुपारी पळसाची चार नावे ऐकली. तेलुगू भाषक विणकर म्हणाले मोदुगु, कर्नाटकातले म्हणाले मुत्तुग, उत्तरेकडचा एक भाऊ म्हणाला टेसू, आणि एका गुजराती कारकुनाने केसूडा म्हणून सांगितले. पानांची संख्या चारही भाषांत तीनच होती. आपल्या इकडे तर गावांनीच ही नावे जपून ठेवली आहेत. कोणत्याही एस.टी. स्थानकावर गाड्यांच्या पाट्या वाचीत उभे राहावे: पळसगाव, पळसखेड, सावरगाव, सावरखेड, पांगरी, करंजगाव, बाभूळगाव. कर्जतच्या शेजारी रेल्वेचे पळसदरी स्थानक आहे. ज्या पूर्वजांनी गावाला झाडाचे नाव दिले ते काही कवी नव्हते. 'कोठे राहता?' ह्या प्रश्नाला झाड दाखवून उत्तर देता येत होते, इतके ते झाड ओळखीचे होते.

आता कारखान्याची गोष्ट. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी गोष्ट एकाच ठिकाणी घडते असे नाही. आवारात नवीन गोदाम बांधावयाचे होते आणि पाच झाडे काढावयाची होती. व्यवस्थापनाने यादी केली. तीत एकापुढे 'आंबा' आणि एकापुढे 'गुलमोहर' असे होते. बाकीच्या तिघांपुढे 'जंगली' एवढेच लिहिले होते, आणि त्यांतल्या दोघांपुढे शेरा होता: 'वाळलेले'. महिना पौषाचा होता. आमच्या सभासदांतला रत्नागिरीकडचा एक फिटर जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्या 'वाळलेल्या' झाडाची काडी नखाने खरडून आला. साल निघाल्यावर आत हिरवे होते, आणि टोकांना कळ्या धरल्या होत्या. ती दोन्ही झाडे पांगारे निघाली. मग आम्ही पत्र दिले. संघटनेच्या लेटरहेडवर वेतनाखेरीज अन्य विषयाचे तसे पत्र त्यापूर्वी गेले नव्हते. 'झाड क्रमांक तीन व चार हे पांगारे असून जिवंत आहेत. फाल्गुनात येऊन पाहावे,' असे त्यात होते. गोदाम झाले. आंबा गेला, गुलमोहर गेला, तिसरे जंगलीही गेले. ते कोणत्या जातीचे होते हे कोणी नोंदविलेच नाही. नकाशा सहा हात सरकवून दोन पांगारे मात्र राखले. त्या फाल्गुनात दुसऱ्या पाळीची माणसे पाच मिनिटे आधी येऊ लागली, हे वेळनोंदणीच्या यंत्रावरून सिद्ध करता येईल.

हे सविस्तर सांगण्याचे कारण कायद्याचे आहे. आपल्या राज्यात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम १९७५ साली झाला. त्यान्वये झाड तोडण्यास परवानगी लागते. ज्या झाडाला तोडावयाचे त्याच्यावर नोटीस चिकटवितात, वर्तमानपत्रात प्रसिद्धी देतात, आणि नागरिकांना हरकत घेता येते. ही सोय चांगली आहे. परंतु झाड मेलेले अथवा रोगट असेल तर परवानगीचा मार्ग त्याच कायद्यात सोपा आहे, आणि तसा तो असावयासही हवा. मेलेले झाड कोणाच्या अंगावर पडावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की मेलेले हे ठरविले कोणी, आणि कोणत्या महिन्यात? नोटिशीवर 'वाळलेले' असे वाचल्यावर जो नागरिक काडी खरडून पाहतो आणि 'ही काटेसावर आहे, माघात फुलेल' असे लिहून देतो, त्याची हरकत ऐकावी लागते. 'झाडे तोडू नका हो' एवढेच लिहिणाराची हरकत फायलीत राहते. आम्ही आयुष्यभर तक्रारी लिहीत आलो. हजेरी क्रमांक, खाते आणि तारीख ह्यांवाचून लिहिलेल्या तक्रारीचे काय होते हे आम्हांला पाठ आहे.

असो. फुलांकडे परत येऊ. कित्येक झाडांची नुसती नावेच घेणे शक्य आहे.

करंज चैत्रात नवी पोपटी पाने घेऊन येतो आणि मागोमाग लहान, पांढुरकी-जांभळी फुले. ती झाडावर फारशी दिसत नाहीत. खाली पाहावे, फुटपाथवर कुरमुरे सांडल्यासारखी पडलेली असतात. कडुनिंबाचा मोहोरही डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळतो. शिरीषाची फुले पिवळट हिरव्या रेशमी गोंड्यासारखी. त्यांचा वास रात्री दूरवर जातो. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकडो फुले असतात आणि त्यांतली बहुतेक नरफुले, त्यामुळे मोहोर पाहून कैऱ्यांचा हिशेब मांडणारा फसतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. आदिवासी बायाबापड्या उजाडता टोपल्या घेऊन ती वेचतात, तेव्हा तेथे पाहुण्याने पायाखाली पाहून चालावे. कुसुंबाला लाल पाहून फूल समजू नये. ती कोवळी पालवी असते. पिंपळाची तांबूस पालवीही तशीच, आणि ऊन पाठीमागून असेल तेव्हा पाहिली तर फुलांची आठवण राहत नाही.

पिवळ्यांचा घोटाळा मात्र सोडवून ठेवला पाहिजे, कारण सध्या तोच डोळ्यांपुढे आहे. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, झुंबरासारखे. सोनमोहराचे तुरे वर उभे असतात. बहाव्याच्या पर्णिका मोठ्या, बोटभर लांब. सोनमोहराच्या बारीक, गुलमोहरासारख्या. बहाव्याच्या शेंगा हातभर लांब, गोल, काळपट दंडुक्यासारख्या. सोनमोहराच्या चपट्या, तांब्याच्या रंगाच्या. कालिदासाने 'कुमारसंभवा'त कर्णिकाराला रंग असून गंध नाही म्हणून विधात्याला बोल लावला आहे. हा कर्णिकार म्हणजे बहावाच असे काही अभ्यासक म्हणतात, काही मुचकुंदाकडे बोट दाखवितात. आम्हांला त्या वादात पडावयाचे नाही, पण बहाव्याखाली उभे राहून गंधाची उणीव काढणारा माणूस मोठा चोखंदळ असला पाहिजे.

गुलमोहर सर्वांना ठाऊक आहे, तरी त्याचे एक फूल हातात घेऊन पाहा. पाच पाकळ्यांपैकी चार लाल आणि पाचवी वेगळी, पांढुरक्या अंगावर लाल ठिपके आणि रेघा असलेली. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. गिरिपुष्पही अमेरिकेतून आलेले, पुण्याच्या टेकड्यांवर ज्याची लागवड मुबलक झाली आणि जे माघ-फाल्गुनात फिकट गुलाबी फुलते. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला ज्या गुलाबी झाडांचे फोटो दरसाल लोक काढतात ती बसंतरानीही तिकडचीच. ह्या झाडांना परकी म्हणून नाके मुरडण्याची अलीकडे रीत पडली आहे. आम्हांला ते जमत नाही. ज्यांच्या सभा आम्ही घेतो त्यांतले निम्मे परगावचे असतात. मात्र नव्याने लागवड करताना सावर, पळस, पांगारा ह्यांना आधी जागा मिळावी हे आमचे मत आहे. कारण त्यांच्या मधावर इथली पाखरे कैक पिढ्या पोसलेली आहेत, आणि ज्याची सेवा जुनी त्याचा हक्क आधी हे तत्त्व आम्हांला मान्य आहे.

फुलांची खरी माहिती हवी असेल तर रस्ते झाडणाऱ्या भगिनींना विचारावी, असा आमचा अनुभव आहे. कोणत्या गल्लीतला करंज आज गळू लागला, सावरीची फुले उचलताना टोपली किती जड होते, गुलमोहराचा सडा पावसाच्या सरीनंतर रस्त्याला कसा चिकटतो, हे त्यांना ग्रंथावाचून ठाऊक असते. आपण ज्याला सडा म्हणतो तो त्यांचा कामाचा बोजा असतो. झाडाखालून जाताना मान वर करणे आपल्याला परवडते, कारण खाली पाहण्याचे काम दुसरे कोणी करीत आहे. ह्याची जाणीव ठेवून फुले पाहिली तर त्यांचे सौंदर्य उणे होत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. 'कामगाराला कोठली सवड?' असे आम्हांस विचारतात. ह्याचे उत्तर इतिहासात आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुले ह्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. १८९० च्या एप्रिलात, म्हणजे असल्याच चैत्र-वैशाखात, मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार कोणी दान दिलेला नाही. तो मिळवून ठेवलेला आहे, आणि त्यातला एक तास फुललेल्या झाडाखाली घालविला तर तो वाया गेला असे लोखंड्यांना वाटले नसते अशी आमची समजूत आहे. कंत्राटी कामगाराला आजही हा रविवार पुष्कळदा पगार बुडवूनच मिळतो. तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे, आणि संयोजकांनी बोलाविल्यास आम्ही येऊ.

पाहण्याची आमची पद्धत साधी आहे. जाण्यायेण्याच्या वाटेवरचे एकच झाड धरावे. पाने केव्हा गळाली, कळी केव्हा दिसली, पहिले फूल कोणत्या तारखेला, पाखरे कोणती आली, एवढे खिशातल्या वहीत लिहावे. एक वर्ष झाले की पुढल्या वर्षी ते झाड उघडे दिसले तरी मन घाबरत नाही. आणि त्याच्यावर कोणी नोटीस चिकटविली तर उत्तर लिहिण्यास कागद तयार असतो.

आज येथून परतताना बहावा पाहून जावा. रस्त्याच्या दिव्याखालीही त्याचा रंग ओळखू येतो. तामण अजून आठ-दहा दिवस घेईल असे दिसते. त्याचे नाव राज्याचे फूल म्हणून शाळेत पाठ करून घेतात, झाड दाखवीत नाहीत. कोकणात ते ओढ्याकाठी आपोआप उगवते, शहरात रस्त्याकडेला लावलेले सापडते. पान साधे, लांबट. पाकळ्या बहुधा सहा, जांभळ्या आणि चुरगळलेल्या झिरमिळीच्या कागदासारख्या. नीलमोहराचे फूल नळीचे असते, हे तसे नाही. फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे उभे तुरे आताच आले आहेत, ते ह्या आठवड्यात पाहून ठेवावेत.